दोन पाट्या

डोकमर्डीतल्या माझ्या दवाखान्यात दोन भाषा एकाच बाकावर बसतात. कुणी म्हणतं, 'डॉक्टर, जरा प्रेशर बघा'. शेजारचा म्हणतो, 'प्रेशर जोई आपो ने'. मीही ज्याला त्याला त्याच्याच भाषेत उत्तर देत दंडाला पट्टा आवळत असे. गप्पा आणि मोजणी एकदमच चाले. त्यात काही गैर आहे, असं कधी मनातही आलं नाही.

डोळे उघडले ते आमच्या शेजारच्या मावशींमुळे. भर उन्हातून, जिना चढून त्या आल्या. बसल्या न बसल्या तोच मी पट्टा बांधला. दंड भरलेला, पट्टा नेहमीचाच. हात अधांतरी, आणि तोंडाने सुनेच्या बाळंतपणाची हकिकत चालू. पारा १७० वर! मी गोळी वाढवून दिली. आठव्या दिवशी पहाटे उठताना त्यांना घेरी आली. पडून मनगट मोडलं. त्यांच्या घरी जाऊन, त्यांना स्वस्थ बसवून मोजलं, तर दाब जेमतेम १०० भरला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पट्टा सैल करताना ठोके ऐकून दाब मोजायची रीत रशियाच्या कोरोटकॉव्हनं १९०५ साली सांगितली. दोष त्या रीतीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. पट्टा लहान पडला, हात हृदयाच्या पातळीखाली लोंबला, रोगी बोलत राहिला, की आकडा चढतो. प्रत्येक चूक लहानशी. पण साऱ्या एकत्र आल्या की नको ते औषध पोटात जातं.

आता मोठा पट्टाही ठेवला आहे. आधी लघवीला जाऊन यायचं, मग पाच मिनिटं बसायचं; पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजतो. एका दिवसाच्या आकड्यावर सहसा गोळी बदलत नाही. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची यंत्रं मागे पडली, डिजिटल आली; पण लोंबत्या हाताला तीही फसतात.

भिंतीवर दोन पाट्या आहेत : 'बोलू नका' आणि 'बोलशो नहीं'. मावशी म्हणाल्या, "दोन भाषांच्या गावाला गप्प करायला दोन पाट्या लागतातच हो!"

परवा फराळाचा डबा घेऊन आल्या. डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी पाच मिनिटं बसते. मग बोलते."