ज्योतीवरचा गारवा

१९७१ साली आमची बदली बस्तरमधील एका आडगावी झाली, तेव्हा तेथे वीज नव्हती. आईच्या इन्शुलिनसाठी आम्ही रॉकेलवर चालणारे शीतकपाट नेले. ज्योतीने बर्फ होतो हे आमच्या शिपायास शेवटपर्यंत पटले नाही. खरे सांगायचे तर प्रारंभी आम्हांलाही नाही! १९२२ मध्ये फॉन प्लाटेन व मुंटर्स या स्वीडिश विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. तापलेल्या पाण्यातून अमोनिया सुटतो, निवून द्रवतो आणि हायड्रोजनमध्ये पुन्हा वायुरूप होताना आतली उष्णता शोषतो. यंत्राचा एकही भाग हलत नाही. द्रव केवळ उताराने वाहतो.

मे महिन्यात कपाट रुसले. आतला पारा १८ अंशांवर! आम्ही वात वाढवली. काजळी तेवढी वाढली. मग जमिनीच्या उताराचा संशय आला. ज्योत मालवली, परातीतल्या पाण्याने उतार पाहिला, पायांखाली लाकडी चकत्या सारल्या, कपाट भिंतीपासून वीतभर ओढले, धुराडे खरवडले आणि वात कातरून ज्योत निळी केली. तोवर आईने कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवली होती. रात्रभर आम्ही तिच्याकडे पाहण्याचे टाळले.

सकाळी पारा ६ अंशांवर होता. आईने आत डोकावून विचारले, "ताकाचे भांडे मावेल का रे?"