उतारच तिकडं

नांदेडकडच्या गल्लीतलं अस्सल भांडण ऐकायचं तर सकाळी भांडी घासायच्या वेळेला जावं. "ओ मावशी, तुमचं पाणी आमच्या दारात कायला सोडता?" "मी कुठं सोडते बाई, उतारच तिकडं हाय." या उत्तरापुढं बोलणं खुंटतं. पाणी आपलं, उतार देवाचा! शेतात धुऱ्यावरून चालतं तसं गावात नालीवरून पिढीजात वैर चालतं.

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी परसात जायचं. तिथं केळ, कर्दळ आणि चमकुरा. (वड्या चमकुऱ्याच्याच, त्याला अळू म्हटलं की अर्धी चव जाते.) पाणी आडातून शेंदावं लागे, म्हणून सांडायचंही बेतानं. पुढं नळ आले, बोअर आले, परसावर खोल्या चढल्या आणि मोरीचं पाणी रस्त्यावर आलं.

हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं या भांडणाचं मूळच बुजवलं. उघड्या नाल्या बंद केल्या आणि घरोघरी शोषखड्डे घेतले. पुढं जिल्ह्यात गावोगाव हे काम रोजगार हमीतून झालं, त्याला 'नांदेड पॅटर्न' असं नावही पडलं. खड्डा साधारण चार फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. मधोमध सिमेंटची टाकी, तिच्या वरच्या अंगाला भोकं. भोवती दगड, वर खडी. न्हाणीचा पाइप टाकीत सोडायचा. राख, खरकटं, साबणाचा साका तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून जमिनीत जातं. डासाला अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं, ते उघड्यावर उरत नाही. मेख एकच, आपली काळी माती. भिजून फुगली की ती पाणी गिळत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. संडासाचं पाणी मात्र यात सोडायचं नाही आणि खड्डा आडाजवळ घ्यायचा नाही. एवढं पाळलं की उतार कुणीकडं आहे याची पंचाईत संपते.

शहराला परस नाही. नांदेडचा उतार गोदावरीकडं. विष्णुपुरीचा बंधारा शहराच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात नदी तिथं अडलेली असते. खाली घाटांपाशी जे पाणी दिसतं त्यात नदीचं किती आणि नाल्यांचं किती, हे जलपर्णीच ओळखते. तिला मैलापाणी भलतंच मानवतं. आणि हा काठ काही साधा नाही. १७०८ साली गुरू गोबिंदसिंगजींनी इथंच देह ठेवला. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आजही गोदावरीचं पाणी घागरीनं नेतात. दिवाळीत तख्तस्नान होतं तेव्हा घागरी घेऊन सारी संगत नदीवर येते. त्याच नदीला थोड्या अंतरावर आपल्या मोऱ्या येऊन मिळतात, याचं कुणालाच फार वाटत नाही. मलाही रोज वाटतं असं नाही. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी शहरात मोठा पैसा आला. रस्ते रुंदावले, घाट चकचकीत झाले. घाटाची फरशी नजरेत भरते; जमिनीखालच्या ड्रेनेजची आठवण चेंबर उसळल्यावरच होते.

लातूरकरांनी उलटं टोक पाहिलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत आणि कपड्यांचं पाणी संडासात जायचं. सांडपाणी म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, कारण सांडायची कुणाची छाती नव्हती. नंतर पाऊस झाला, धरण भरलं, बादल्या पुन्हा भरभरून उपड्या होऊ लागल्या.

शोषखड्ड्याचंही तसंच. खणताना फोटो निघतो, सरपंच उभे राहतात. टाकीतला साका काढायची वेळ आली की फोटोवाला नसतो, मजुरी कोण देणार हेही ठरलेलं नसतं. साका भोकांपर्यंत चढतो, पाणी तुंबतं आणि कुणीतरी पाइप काढून हळूच रस्त्याकडं वळवतो. विचारलं तर म्हणतो, "पावसाळ्याआधी साफ करू की, घाई कायची!"