गड्ड्याची यात्रा आणि पाव्हण्यांचे जनित्र

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला याल, तेव्हा सिद्धेश्वराचे दर्शन घ्या, नंदीध्वजांची मिरवणूक पाहा. पण शहराच्या पूर्व भागात एक चक्कर अवश्य टाका. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. गल्लीत शिरताच यंत्रमागांची खटखट कानी पडते. वीज गेली की ती क्षणात थांबते, आणि इथल्या माणसांचा घास विजेच्या तारेवर आहे हे कळते.

गंमत पाहा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी एका तालात जोडले गेले. एवढा मोठा सांधा इथे जुळला, तरी शिवारातल्या घरात दिवा जातोच.

म्हणून आमच्या एका पाव्हण्यांनी लष्कराच्या लिलावातून निघालेले जुने जनित्र आणले. हिरवे, वजनदार, दणकट. त्याची वायर सरळ घरातल्या बोर्डाला जोडली आणि मेन स्विच तसाच चालू ठेवला. त्याच वेळी लाइनमन वस्तीच्या खांबावर चढला होता. डीपीचे फ्यूज त्याने स्वतः काढलेले. तरी हात लावण्याआधी शिस्तीने त्याने तारांवर साखळी टाकली. ठिणगी उडाली, इकडे जनित्र गचकले! साखळी नसती तर? पाव्हण्यांना ती रात्र झोप आली नाही. फ्यूज जागेवर असते, तर तीच वीज डीपीत उलटी शिरून वरच्या तारांत अकरा हजार व्होल्टपर्यंत चढू शकली असती.

तेव्हा मंडळी, असे जनित्र घ्याल तर आधी त्यावरची पाटी वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० सायकल लागतात; परदेशी जनित्र १२० व्होल्ट, ६० सायकलचे असू शकते. घर आणि जनित्र यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, एक तर बाहेरची वीज, नाही तर जनित्राची. न्यूट्रलही त्यातूनच तुटला पाहिजे. अर्थिंग पक्के करा. जनित्र उघड्यावर ठेवा. त्याच्या धुरातला विषारी वायू बंद खोलीत झोपेतच माणूस मारतो. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि वीज कंपनीला कळवा.

पाव्हण्यांच्या भिंतीवर आता चेंजओव्हर आहे. यंदा संक्रांतीला त्या लाइनमनला त्यांनी घरी बोलावून तिळगूळ दिला. आपल्या घरी दिवा लागताना खांबावरच्या माणसाच्या घरचा विझू नये, एवढे ध्यानात ठेवा.