मिरचीच्या हिशेबातली विसरलेली मजुरी



सिरोंचा, राजुरा, गोंडपिपरी, कुठेही गेलो तरी एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. "साहेब, मिरचीत पैसा आहे का?" त्यावर मी उलट विचारतो, "तोडणीला घरात हात किती आहेत?" ऐकणारे हसतात, पण मिरचीचा नफा-तोटा बहुतेक या एकाच प्रश्नात दडलेला असतो.

कसा, ते हिशेबाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, एका एकरात ८ क्विंटल वाळली मिरची झाली. चार किलो ओली लाल मिरची वाळली की साधारण एक किलो उरते. म्हणजे तोडायची झाली ३२ क्विंटल. एका माणसाने दिवसाला ४० किलो तोडली, तर ८० रोज लागले. ३०० रुपये रोजाने तोडणीचे २४,००० रुपये. रोप, खत, निंदण, फवारणी आणि पाणी यांचे ३५,००० धरा. एकूण खर्च ५९,०००. भाव १२,००० मिळाला तर ९६,००० येतात आणि ३७,००० उरतात. मिरची गोड लागते!

आता भाव ७,००० वर आला. हाती येतात ५६,०००. खत-फवारणी तर आधीच होऊन गेली आणि तोडणीचा रोज काही भावाबरोबर उतरत नाही. ३,००० चा तोटा झाला. तरीही घरी 'सहा हजार सुटले' असेच सांगितले जाते. कारण ८० पैकी ३० रोज घरच्या बायकांनी भरलेले असतात आणि त्यांचे ९,००० रुपये कोणी मांडलेलेच नसतात. तो नफा नव्हे, घरच्या लक्ष्मीची न दिलेली मजुरी आहे.

भाव उतरतो हे काही नवे नाही. मिरचीला हमीभाव नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत दर कोसळले, तेव्हा आंध्र प्रदेशातल्या मिरचीसाठी केंद्र सरकारला क्विंटलला ११,७८१ रुपये दर ठरवून हस्तक्षेप करावा लागला होता.

दुसरी अडचण माणसांची. धानाचा चुरणा आटोपला की आपल्याकडची शेकडो कुटुंबे तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे तिकडे अडकली आणि कित्येक जण पायी गावाकडे निघाले, हे आपण विसरलेलो नाही. त्यांना दोष कसा द्यावा? तिथे सलग काम मिळते, इथे चार दिवस मिळते. पण नेमकी तेव्हाच आपली मिरची लाल होऊन झाडावर वाट पाहत असते.

म्हणून माझे सांगणे असे. लावणी वावर पाहून करू नका, हात पाहून करा. वरच्या हिशेबाने अर्ध्या एकराला ४० रोज लागतात. चार तोडे धरले तर एका तोड्याला १० रोज. घरातल्या दोघांचे ते पाच दिवसांचे काम आहे. एकर लावायचा असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांशी आधीच बोली करा. आज तुमच्या वावरात, उद्या त्यांच्या.

सुरुवातीचे तोडे हिरवे काढून आठवडी बाजारात नेता येतात. मात्र ओल्या मिरचीचा भाव वाळल्या मिरचीच्या भावाच्या चौथाईच्या आसपास आहे का, ते पाहा. तसा असेल तर वाळवण्याचा खटाटोप वाचतो. वाळवायचीच असेल तर अंगणातल्या मातीवर पसरू नका, ताडपत्रीवर पसरा. ओलसर राहिली की बुरशी येते आणि व्यापारी भाव पाडतो.

मृगात रोप टाकण्यापूर्वी घरात एक वही करा. तिच्यात घरच्या माणसांच्या रोजांचा रकाना वेगळा ठेवा आणि तो रकाना घरधनिणीलाच भरू द्या. हंगाम संपल्यावर दोघांनी बसून बेरीज करा. पुढच्या वर्षी मिरची किती गुंठे लावायची, हे त्या बेरजेवरूनच ठरवा.