पाच जणांचा एक पेपर

दोस्तांनो, पेपर लिहिताना शेजाऱ्याला विचारलं तर काय होतं, ते तुम्हांला सांगायला नको! पण एक परीक्षा अशी आहे, जिथे पाच जणांनी डोकी एकत्र करूनच उत्तर लिहायचं असतं. तिचं नाव 'एन्व्हायरोथॉन'. १९७९ साली ती अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सुरू झाली. हायस्कूलची मुलं तीत उतरतात. एका संघात पाच जण. विषयही पाच : माती, पाणी, जंगल, वन्यजीव आणि दरवर्षी बदलणारा पर्यावरणाचा एखादा ताजा प्रश्न.

माझी भाची तिथेच शिकते. तिच्या संघाची तयारी मी पाहिली आणि खरं सांगते, हेवाच वाटला. वर्ग कुठे? ओढ्याकाठी! एकाने ओली माती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबत दाबत तिची फीत काढली. लांब फीत निघाली तर माती चिकण, लगेच तुटली तर वाळू जास्त. दुसरीने झाडाच्या बुंध्याला टेप लावला, तोही जमिनीपासून बरोबर साडेचार फुटांवर. तिसऱ्याने पाण्यातले दगड उलटले. खाली स्टोनफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं दिसली. म्हणजे पाणी स्वच्छ! घाण पाण्यात ती तग धरत नाहीत.

मग सरावाचा प्रश्न आला : ओढ्याकाठची झाडं तोडून शेत वाढवावं का? भाची ताडकन म्हणाली, "मुळीच नाही!" मातीवाला मुलगा शेतकऱ्याच्या घरचा. तो चिडला. "शेत तुझ्या घरचं नाही ना, म्हणून बोलतेस!"

मला वाटलं, झालं, फुटला संघ. पण त्यांनी आपापल्या वह्या उघडल्या. झाडं गेली की सावली जाणार. पाणी तापणार. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. आधी ती पिल्लं मरणार, मग त्यांच्यावर जगणारा ट्राउट मासा. मुळं गेली की काठ ढासळणार, म्हणजे वाढवलेलं शेतच ओढ्यात! हे शेवटचं कोण बोललं असेल? तो मातीवालाच. पण त्याने आपला मुद्दा काही सोडला नाही. "झाडांसाठी जागा सोडायची, तर नुकसान कोणी सोसायचं?" बरीच शोधाशोध झाली. तेव्हा कळलं, की काठाला झाडांचा पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्याला तिथे सरकारी योजनेतून त्या जागेचं भाडं मिळू शकतं. मगच पाचही जणांनी माना डोलावल्या.

तुमच्याही गावाजवळ एखादा ओढा असेल, नाला असेल. पाच जण जमवा. माती, पाणी, झाडं, पाखरं वाटून घ्या. आणि हो, पाचांत निदान एक जण असा घ्या, ज्याच्या घरची चूल त्या जमिनीवर पेटते. तो भांडेल. भांडू द्या. झाडांच्या बाजूने बोलणं सोपं असतं हो. ज्याचं पोट तिथे आहे त्याचंही ऐकून उत्तर काढणं, हा खरा अभ्यास. बघा तर, जमतंय का!