नायट्रोजनला न दिसणारी माती

पूर्णेच्या शिवारातली काळी माती वाळवून, कुटून, चाळून तिचे पृष्ठफळ मोजायचे ठरवले, तर आधी ठरवावे लागते की ते कोणाच्या नजरेने मोजायचे. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत फुगणारी खनिजे भरपूर, त्यांतले मुख्य मॉन्टमोरिलोनाइट. ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी 1938 साली मांडलेल्या पद्धतीत उणे 196 अंशांना भुकटीवर नायट्रोजन बसवतात. पण कोरड्या खनिजाचे पापुद्रे इतके घट्ट मिटलेले असतात की नायट्रोजन त्यांच्यात शिरत नाही. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचाही आकडा ग्रॅमला बहुधा शंभर चौरस मीटरच्या आतच राहतो. पाणी मात्र पापुद्रे उघडते, आणि पाण्यातून मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य दिले की त्याच खनिजाचे पृष्ठफळ कित्येक शेकड्यांत जाते. मोजणी दोन्ही वेळा बरोबरच असते. पावसात फुगून चैत्रात भेगाळणारी जमीन मात्र दुसऱ्या आकड्याप्रमाणे वागते.

रासायनिक प्रक्रिया केलेल्या सिरॅमिक भुकट्यांबाबत आकडा आणि वागणूक यांतला हा फरक अधिक गंभीर होतो. ॲल्युमिनावर स्टिअरिक आम्लाचा रेणूभर जाडीचा थर चढवला, तर पृष्ठफळ फारसे हलत नाही. पण पाण्याच्या जवळजवळ चौपट घनतेची ती भुकटी पाण्यावर तरंगते. त्यातच मोजणीआधी नमुना निर्वातात तापवण्याचा रिवाज आहे. साध्या ॲल्युमिनाला चालणारे 300 अंश इथे लावले, तर ज्याचा परिणाम मोजायचा तो थरच उडून जातो. अशा वेळी कमी तापमान आणि जास्त तास हाच मार्ग.

पृष्ठफळ ही सर्वांची सामाईक मोजपट्टी आहे, ती सोडली तर तुलना कशी करायची, असे विचारले जाते. ती सोडू नयेच. एका घाण्याची दुसऱ्याशी तुलना करायला तिच्याइतकी भरवशाची पट्टी क्वचितच मिळेल. पण प्रक्रिया यशस्वी झाली का, हे तिला विचारणे गैर. सिलिकाचा पृष्ठभाग सामू 2 च्या आसपास प्रभारहीन असतो. अमिनो गटाचा सिलेन नीट बसला की तो बिंदू बराच वर सरकतो. हे झीटा विभव (द्रवातल्या कणाच्या पृष्ठभागाजवळचे विद्युत विभव) सांगते, नायट्रोजन नाही. मग थेंबाचा स्पर्शकोनच का मोजू नये? दाबून केलेल्या वडीचा खडबडीतपणा आणि छिद्रे त्या कोनात मिसळतात, म्हणून एकट्या कोनावर मी निर्णय देणार नाही. भुकटी पुढे ज्या द्रवात कालवायची, त्यातच तिचा गाळ किती वेळात आणि किती उंचीचा बसतो, हे आधी पाहावे. त्याला लागते फक्त एक मोजनळी आणि एक रात्र.