भाईंदरचे ऊन

भाईंदरला पाहण्यासारखे काय आहे असे विचारले, की तिथले लोक घोडबंदरच्या किल्ल्याचे नाव घेतात, उत्तनच्या समुद्राचे घेतात आणि मग थोडे अडखळतात. मी मात्र पाहुण्याला सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याही इमारतीच्या मागल्या अंगाला नेईन. दहिसर सोडून गाडी खाजण ओलांडते आणि मीरा रोडपासून हा देखावा सुरू होतो. मजल्यामजल्याला लोखंडी जाळी, आणि जाळीजाळीतून लोंबणारे कपडे! शाळेचे पांढरे सदरे, परकर, चादरी, मधूनच एखादी नऊवारी. २०११ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाख ९ हजार भरली. पण घरात नवे बाळ आले का, आजोबा अजून धोतर नेसतात की सुनेने त्यांना पायजम्यावर आणले, हे शिरगणतीच्या कागदात सापडत नाही. ते दोरीवर वाचावे.

यांतली कितीतरी कुटुंबे गिरगावातून, लालबागेतून, दादरहून इकडे आली. चाळीतल्या खोलीत छताला टांगलेली दांडी असायची, आणि ओले लुगडे काठीच्या टोकावर पेलून त्या दांडीवर अलगद पसरणे ही एक कलाच होती. खाली जेवणाऱ्याच्या ताटात थेंब पडला नाही, तर ती बाई तयार समजावी. अशा घरांतून आलेल्यांना इथे आपल्या मालकीच्या चार फूट गॅलरीत उतरलेले ऊन म्हणजे केवढे वैभव! आमच्या ओळखीच्या एक आजी ठाकुरद्वारची खोली सोडून मीरा रोडला आल्या, त्याला आता तीस वर्षे झाली. पाण्याची रड तेव्हाही होती. शहाड-टेमघरचे नाही तर औद्योगिक महामंडळाचे पाणी ज्या घटकेला नळाला येईल, ती धुण्याची घटका. "अहो सर," त्या म्हणतात, "पाण्याची वाट पाहावी लागते, पण ऊन कसे वेळेवर येते हो!"

कपडे वाळत घालणे हे काम बिनडोक आहे, असे ते न करणाऱ्यांना वाटते. कपडा नुसत्या उष्णतेने वाळत नाही. त्याच्या अंगाभोवती साचलेली दमट हवा वाऱ्याने हटवावी लागते. हिवाळ्यात सकाळी दहा-अकरापर्यंत इथे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो कोरडा. दुपारी दिशा पालटते आणि खारा वारा ओल घेऊन येतो. म्हणून जिचे धुणे नऊला दोरीवर जाते, तिचे जेवणापूर्वी घडीत येते. अकराला सुरुवात करणारी दिवे लागेपर्यंत पंचे चाचपत बसते. बोअरिंगच्या मचूळ पाण्यात धुतलेल्या कपड्याची आणखी गंमत. तो वाळला असे वाटते, पण त्यात राहिलेले खार हवेतली ओल पुन्हा ओढून घेतात. शाळेत भूगोलात हे वारे मी पाठ केले होते, ते समजले भाईंदरच्या गॅलऱ्या पाहून.

आणि या गावाचा मूळ धंदा तरी दुसरा कोणता होता? नगरपालिका १९८५ ची, महापालिका २००२ ची. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसे वाळवण्यावरच जगत आली. मिठागरे आता पूर्वीइतकी राहिली नाहीत, पण त्यांचे तंत्र ध्यानात घ्यावे. भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत उन्हाला द्यायचे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मीठ सुमारे ३५ ग्रॅम. त्यातले नऊ-दशांश पाणी उडून जावे तेव्हा कुठे दाणा धरतो. तिकडे उत्तनला जा. बस मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी अशी गावे घेत जाते आणि समुद्र दिसण्याआधी नाकाला कळतो. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या असतात, आडव्या दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर बोंबील. ताजा बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. चिमट्याचे काम नाही. वलांडी आणि आपली कपड्यांची वलण हे शब्द कानाला तरी सख्खे लागतात. तिथेच थोड्या अंतरावर दुसऱ्या दोरीवर कोळ्यांच्या घरची लुगडी आणि पोरांच्या चड्ड्या वाळत असतात. वाऱ्याची दिशा पाहून दोन्ही दोऱ्यांमध्ये अंतर राखलेले असते, हे सांगायला नकोच.

उन्हात वाळलेल्या कपड्याला जो वास येतो त्याला मराठीत नाव नाही. मातीच्या पहिल्या वासावर आपण कविता केल्या, या वासाला कोणी विचारले नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मात्र त्याची दखल घेतली. त्यांनी सुती टॉवेल साध्या पाण्यात धुऊन काही घरात, काही सावलीत, काही उन्हात वाळवले. २०२० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: उन्हातल्या टॉवेलांतून निघणाऱ्या वायूंत काही द्रव्ये अशी होती, की ज्यांचे सोयरे वेलचीत, संत्र्याच्या जातीच्या फळांत आणि गुलाबाच्या वासात आढळतात. ओल्या कापडावर ऊन पडले की हवेतल्या ओझोनच्या संगतीने ती तयार होत असावीत, असा त्यांचा तर्क. धुण्यात वेलची! आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग शिरा जरा कमी वेलचीचा केला तरी चालेल."

पावसाळ्याविषयी न बोललेले बरे. चार महिने घरभर दोऱ्या, कुबट वास, पंख्याखाली फडफडणारे परकर. पूर्वी शेगडीवर टोपले पालथे घालून त्यावर बाळाची दुपटी सुकवीत. आता गॅसच्या जमान्यात तीही सोय गेली.

पण खरे संकट पावसाचे नाही. नव्या उंच इमारतींत कपडे बाहेर दिसता कामा नयेत असा नियम निघू लागला आहे. दर्शनी भागाची शोभा जाते म्हणे. वाळत टाकणे आणि वाळीत टाकणे यांत एका वेलांटीचे अंतर आहे, आणि ती वेलांटी सोसायटीच्या कमिटीच्या हातात असते. अमेरिकेतल्या वसाहतींतही असे नियम आहेत. उलट कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने २००८ साली घराबाहेरच्या दोरीवरील अशा बहुतेक बंद्या रद्द केल्या. कारण सरळ होते, यंत्राने कपडे वाळवायला वीज जाळावी लागते. ज्या देशात बर्फ पडतो तिथे दोरीला कायद्याचा आधार मिळावा, आणि जिथे आठ महिने ऊन फुकट आहे तिथे आपण ते खिडकीबाहेर ठेवून विजेचे बिल भरावे, हे मला तरी उमगत नाही. शोभेचे म्हणाल, तर रांगेने वाळणाऱ्या दहा चादरींपेक्षा त्याच जाळीवरची वातानुकूलनाची डबडी अधिक सुंदर कशी?

आजींच्या इमारतीतही सभा झाली. त्या सहसा बोलत नाहीत; त्या दिवशी उठल्या आणि म्हणाल्या, "कपडे दिसले की लाज वाटते तुम्हाला? मग न घालता फिरायचे की काय आम्ही?" ठराव बारगळला नाही, पण त्याला एक दुरुस्ती जोडली गेली. चादरी आणि साड्या सकाळी आठ ते चार गच्चीवर वाळवाव्यात. तेव्हापासून तिथे सहा दोऱ्या लागल्या आहेत, दोन गुजराती बिऱ्हाडांच्या, एक केरळी बाईंची, बाकी आपल्या. एकमेकींच्या चादरी पावसाच्या पहिल्या थेंबाला कोणीही गोळा करते. गच्चीची किल्ली मात्र अजून सेक्रेटरींच्याच घरी असते, आणि ते साडेआठशिवाय दार उघडत नाहीत.